धन टोक जमिनीला

आत्तार म्हणाला, बाई, डायनॅमो काढूया.
नाना पेठेतल्या त्याच्या दुकानात
चोपन्न सालच्या मॉरिसचं बोनेट सकाळपासून उघडं,
आणि बॅटरीवर त्याचा चहाचा कप.
अल्टरनेटर टाकू, बारीकसा, मारुतीचा.
सगळं सरळ करू, ऋण बॉडीला, धन तारेला,
जगात असतं तसं.
पांढरे दिवे लागतील. फोन चार्ज होईल.
मी म्हटलं, फोनची माझी हौस फिटली.

एकोणचाळीस वर्षं बाजीराव रोडच्या एक्स्चेंजमध्ये
मी तारा सांभाळल्या.
तिथंही धन टोक जमिनीलाच असायचं.
उलट जोडलं की ओल तांबं खाते,
हळूहळू, कुणाला न कळता,
मग एके सकाळी अर्धी सदाशिव पेठ मुकी,
आणि उरलेली अर्धी तक्रार घेऊन काउंटरवर.
तेव्हा उलटं कुठलं नि सुलटं कुठलं
हे मला कुणी शिकवू नये.

आत्तार हसला. तसा तो कमीच हसतो.
पण रात्री लॉ कॉलेज रोडवर काय होतं
ते त्याला ठाऊक होतं, मीच सांगितलेलं:
सिग्नलला थांबलं की दिवे पिवळे होत होत
निरांजनाएवढे उरतात,
डॅशवर लाल दिवा लागतो
आणि मी क्लच दाबून थोडी रेस देते,
चुलीला फुंकर घालावी तशी.
वळायचं तर दाराच्या खांबातून
वीतभर लाल हात वर येतो.
मागचा डिलिव्हरीवाला विचारतो,
"आजी, हे काय तुटलंय तुमचं?"

भाचा निषाद म्हणतो, मूळचं ठेवायचं म्हणजे
किती मूळचं, मावशी?
टायर मूळचे आहेत? पेट्रोल?
तुझा गुडघा तरी मूळचा आहे का?
गुडघा गेल्या वर्षीच बदललाय.
मी विषय बदलला.

मंगळवारी आत्तारने डॅश खाली ओढला.
कापडात गुंडाळलेल्या तारांची ती वेणी
हात लावताच भुगा झाली.
बोटांना राख, आत उघडं तांबं.
इतके दिवस पेटली नाही, नशीब, तो म्हणाला.
आणि त्या भुग्यात, वायपरकडे जाणाऱ्या,
एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा,
एक लाल, एक पांढरी.

मी चष्मा पुसला.
ही जंपर वायर. आमची.
बाजारात मिळत नसे.
मेन फ्रेमच्या मागे, शिडीवर उभं राहून
मी ही मैलच्या मैल ओढली आहे.
कॅम्पातल्या जमास्प डॉक्टरांच्या गाडीत
ही आली कशी?
कुणी तरी लाइनमन, पोराला गोवर निघालेला,
फीऐवजी संध्याकाळभर डॅशखाली
आडवा पडला असेल.
सरकारी मालमत्ता. चौकशी लागली असती.
सांधा इतका नेटका होता
की वाटलं, नाव आठवेल.
नाही आठवलं.

आत्तार पक्कड घेऊन थांबला होता.
तारा सगळ्या नव्या घाल, म्हटलं, वरून कापड चढव,
दोनाचे सहा फ्यूज कर.
डायनॅमो राहू दे. आणि धन टोक आहे तिथंच.
म्हणजे दिवे मंदच.
मंदच.
मग रात्री?
रात्री मी कुठे फारशी जाते रे.
हे खोटं होतं, दोघांनाही माहीत होतं.
वायपरच्या त्या दोन वीत तारेला
त्याने पक्कड लावली नाही.
मी तसं सांगितलंही नव्हतं.

काल नळ स्टॉपला उजवीकडे वळायचं होतं.
हात अर्ध्यावर अडकला, नेहमीसारखा.
खांबावर बुक्की मारली. हलला नाही.
मग काच उतरवून मी माझाही बाहेर काढला,
आणि वळण संपेपर्यंत दोघी तशाच होतो,
तिचा अर्धा, माझा पुरता.